पाचवी घागर

राजा गेला, त्याची नाणी तेवढी लोकांच्या खिशात राहिली, आणि देशाला नवं संविधान लिहायचं होतं. काठमांडूच्या लोकांना एकाएकी आमच्या पोरांची मतं हवीशी वाटू लागली. आमच्याकडे जेवताना पोरानं तोंड उघडलं तर बाप डोळे वटारतो. पण संविधानाचं म्हणाल तर बोल बाबा, हक्कानं बोल! स्याङ्जाच्या डोंगरातल्या आमच्या शाळेतही बालक्लब निघाला आणि मी सगळ्यांत नवी शिक्षिका म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

पोरांनी भराभर सूचना दिल्या. बंद असला तरी शाळा चालू ठेवा. गणिताचे सर पिऊन येतात, त्यांचं काहीतरी करा. ही दुसरी हेडसरांनी जागच्या जागी खोडली. मग नववीतली जुनू परियार उठली.

"पंचकन्यांत कुठलीही मुलगी उभी राहू शकेल, असं लिहा."

आमच्याकडे मोठा माणूस आला की फाटकात स्वागताला पाच मुली, त्याच पंचकन्या, भरल्या घागरी घेऊन उभ्या राहतात. त्या पाचही जणींच्या चोळ्या जुनूचा बाप शिवतो आणि पाहुणा आला की तोच फाटकात सनई वाजवतो. त्याची शिवण चालते, सनई चालते. त्या घरच्या हातचं पाणी मात्र चालत नाही. म्हणून जुनूच्या हाती घागर कधी आली नाही.

"हे कसलं संविधान?" अर्याल हेडसर म्हणाले. "संविधानात मोठ्या गोष्टी असतात. घागरी-बिगरी नसतात."

मग त्यांनी स्वतः बसून ती सूचना मोठी केली: 'प्रत्येक बालकाला कोणत्याही भेदभावाविना समान सहभागाचा हक्क असेल.' वाक्य इतकं झकास उतरलं की वाचताना हेडसरांचे स्वतःचेच डोळे पाणावले.

"हे जुनूच वाचेल, मंचावरून."

"आणि घागर, सर?"

"अगं, तुझं वाक्य संविधानात चाललंय आणि तू घागर काय घेऊन बसलीस!"

सूचना स्वीकारायला संविधानसभेचे एक माननीय सकाळी येणार होते. झेंडूच्या माळा घेऊन पोरं उन्हात रांगेनं उभी केली. नळ शाळेच्या मागे, पण पाणी प्यायला सोडलं तर रांग मोडते, म्हणून कुणाला हलू दिलं नाही. याला बालसहभाग म्हणायचं. दुपार झाली तरी माननीयांचा पत्ता नव्हता. शेवटी पाचव्या घागरीची प्रमिला, हेडसरांची पुतणी, चक्कर येऊन कोसळली. हेडसरांनी आधी घागर धरली.

तेवढ्यात वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

"चौघींनी नाही चालत! अरे, कुणीतरी या!"

"मी धरते, सर," जुनू पुढे आली. ती मंचासाठी नटून तयारच होती.

हेडसरांनी रस्त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, घागरीकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी आले. "मिस, द्या तिला. पण आधी पाणी ओतून टाका. वर फुलं भरपूर लावा, कुणाला कळतंय!"

माझं डोकंच फिरलं. "सर, तुमचंच वाक्य वाचणार आहे ना ती?"

"ते मंचावर. हे फाटक आहे."

मी हलले नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच पाणी ओतलं. जुनूच्या बापानं ते पाहिलं. सनई क्षणभर अडखळली आणि पुन्हा सुरू झाली. जुनूनं ती रिकामी घागर दोन्ही हातांनी अशी जपून धरली, जणू काठोकाठ भरलीय. मला रडू आलं, आणि रागही आला, जास्त स्वतःचाच.

हेडसर घाईत एक गोष्ट विसरले होते. पाहुणा प्रत्येक घागरीत नाणं टाकतो. माननीय उतरले, सनई थांबली. पहिल्या घागरीत डुबुक, दुसरीत डुबुक, तिसरीत, चौथीत. पाचवीत खणखण झाली आणि नाणं आत बराच वेळ गरगरत राहिलं.

माननीय एक पाऊल मागे सरकले. तोंडावर निवडणूक आणि वाटेत रिकामी घागर!

"गळकी आहे जरा," हेडसर म्हणाले.

"गळत नाही," जुनू म्हणाली. "माझ्या हातात द्यायची म्हणून ओतून टाकली."

माननीयांनी सोबत आणलेल्या कॅमेऱ्यांकडे पाहिलं. "अरे, हेच बदलायला तर संविधान लिहितोय आपण! जा बाळ, भरून आण!"

तिनं घागर भरून आणली. हेडसर काय बोलणार, खुद्द माननीयांचा हुकूम!

मंचावर जुनूनं ते वाक्य एकदाही न अडखळता वाचलं. मग माननीय समतेवर बोलू लागले. बोलता बोलता त्यांचा घसा सुकला, तशी जुनूनं मंचावर नेलेल्या आपल्या घागरीतून पेला भरून दिला. त्यांनी तो उंच धरला. "हे साधं पाणी नाही, नव्या नेपाळचं पाणी आहे!" टाळ्या पडल्या, फोटो निघाले. पेला टेबलावर गेला तो तसाच राहिला. माननीय खोकत बोलत राहिले आणि अख्खी शाळा त्या पेल्याकडे पाहत राहिली. अखेर त्यांच्या माणसानं जीपमधून बंद बाटली आणून दिली.

ते गेले, सूचना घेऊन गेले. तोच पहिलीतली एक चिमुरडी मंचावर चढली, टेबलावरचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि गटागटा प्यायली.

"जुनूदिदी, अजून दे ना!"

मग काय, पुन्हा रांग लागली, या वेळी कुणी न लावता. "नळावर जा रे, नळावर!" हेडसर ओरडत राहिले. सकाळपासून कोरड पडलेल्या पोरांना ते ऐकूच येईना. प्रमिलानं तर काकांच्या देखत दोन पेले रिचवले. मीही प्यायले. तहान लागली होती म्हणून, उगाच क्रांती वगैरे समजू नका.

घागर संपली तशी जुनूनं ती उपडी केली. माननीयांचं नाणं तिच्या तळहातावर पडलं. त्यावर राजाचा मुकुट होता.

"मिस, हे अजून चालतं?"

"चालतं गं," मी म्हणाले. "अजून तरी हेच चालतं."