टोचल्याचा दाखला

धाकटा भाऊ लवू भांडुपच्या कारखान्यात होता. छप्पन साली नेपाळच्या हिमशिखरांकडे निघालेल्या एका पथकाने त्याला सामान सांभाळायला घेतलं. त्यासाठी देवी टोचल्याचा दाखला हवा होता, आणि टोचल्यावर फोड आला तरच तो मिळे. सोबत म्हणून मीही टोचून घेतलं.

घरी आलो तर शेजारच्या पोराला देवी आलेल्या. आईने लवूचा दंड कडुलिंबाच्या पाण्याने खसाखसा धुतला. "मेल्या, देवी दारात इली आसा, नि तू तिका सुयेन डिवचतंस?" माझ्या दंडाकडे तिचं लक्षच गेलं नाही.

आठव्या दिवशी मला टपोरा फोड होता, लवूला काहीच नाही. पुन्हा टोचून फोड येईपर्यंत पथक निघून गेलं असतं.

"दादा, दाखला घ्यायला माझ्या नावावर तू जा. डॉक्टर तोंड बघत नाही, दंड बघतो."

"आणि तुला देवी आल्या तर?"

"बर्फात कसल्या देवी रे? घाबरट कुठला!"

लवूचं नाव पुकारलं तेव्हा मी बाही वर केली. डॉक्टरांनी सही केली.

चार दिवसांनी पथकाचा ट्रक आला. लवूला वर चढवायला मी हात दिला, तर त्याचा हात तापलेला.

"पाठ पण दुखतेय," तो हसला. "झोप कुठे लागली रात्री!"

ट्रकमध्ये अकरा माणसं दाटीने बसली होती. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. लवूने माझ्याकडे बघून हळूच नको अशी मान हलवली.

मी ट्रकची मागची फळी वर केली आणि कडी लावली.