खाटेपासून दारापर्यंत बारा पावलं

चर्चच्या गायकांना नवे झगे हवे होते, म्हणून दर शुक्रवारी मी घरी कॅटफिश तळून विकते. अलाबामात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणसं मागच्या दाराने येतात, चंदेरी कागदातलं पुडकं घेऊन जातात. पण कुणा चहाडखोराने पोलिसांना कळवलं, की व्हर्लीन टब्ज, म्हणजे मी, पुडकी विकते. त्यांनी धरलं, गर्दचीच असणार. निदान एकदा येऊन वास तरी घ्यायचा! न्यायाधीशाने काही न विचारता सही ठोकली, दार न वाजवता घुसायचं वॉरंट निघालं. भर दुपारी मी डुलकी काढत होते, तेवढ्यात दार फोडून नऊ जण आत. सापडलं काय, तर मक्याच्या पिठात घोळलेले मासे. मसाल्याचा डबा हुंगून एक जण शिंकून शिंकून बेजार झाला.

मग आठ महिने मी नगर परिषदेचं डोकं खाल्लं. मला माझ्या घरात परत निर्धास्त झोपायचं होतं. शेवटी नियमाचा मसुदा झाला: पोलिसाने घर स्वतः पाहिल्याशिवाय वॉरंट मागायचं नाही, आणि दार वाजवून थांबायचं. किती, यावर घोडं अडलं. पोलीसप्रमुख हॅस्किन्स म्हणे पंधरा सेकंद पुरे, नाहीतर माल संडासात जातो. आम्ही पंचेचाळीस मागत होतो. चार मतं त्यांच्याकडे, चार आमच्याकडे. नववे प्रुइटसाहेब, खिळे-हातोड्यांचे दुकानदार, कुंपणावर.

मतदानाच्या सभेत बोलायला माझं नाव पुकारलं तेव्हा मी मागच्या रांगेत होते. माझ्या खाटेपासून दार बारा पावलं. माइकपासून बारा पावलांवरची खुर्ची मी सकाळीच येऊन धरली होती.

"प्रुइटसाहेब, दार वाजलंय असं समजा आणि घड्याळ बघा," म्हटलं आणि उठले. आधी चपला शोधल्या. मग गुडघे.

लेक लॅट्रीस कानाशी कुजबुजली, "आई, पाय उचल जरा, सगळे ताटकळलेत."

"ताटकळू दे. घरी मी धावत जाते का?"

मधे एकदा दमही खाल्ला. हॅस्किन्ससाहेबांनी दोनदा घसा खाकरला. माइकला हात लावला तेव्हा प्रुइटसाहेब घड्याळाकडे बघतच राहिले होते.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "हॅस्किन्स, तुमच्या हिशेबाने बाईंचं दार कधीच फुटलं." मग कारकुनाला म्हणाले, "पंचेचाळीस लिहा, माझं मत त्याला."

पाच विरुद्ध चार. सभागृहात टाळ्या, लॅट्रीसच्या डोळ्यांत पाणी. हॅस्किन्ससाहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

मी माइकपासून बाजूला सरकले. "या साहेब, इथे बोला. सावकाश या, आम्ही थांबतो."