एक दणदणीत वाफ

"आई, एक तास झाकण उघडायचं नाही, क्या! मी बर्फ घेऊन आलोच," असं बजावून निशांतनं स्कूटर काढली.

ओट्यावर गोधडीत गुंडाळलेलं पातेलं होतं. आत भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, गरम पाण्यात भिजत होता. आपल्या स्वयंपाकघरात बियर होणार म्हणून शैलजाताईंनी सकाळीच देवघराचा पडदा ओढून घेतला होता. पण नाही म्हणायची त्यांची छाती झाली नव्हती. नोकरी सुटून इंदूरला परतल्यापासून आठ महिने पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग त्याचा मित्र मनीष म्हणाला, महिनाअखेर स्वतः धान्यापासून केलेली बियर चाखव, आमच्या ब्रुअरीत लावून घेतो. त्या दिवसापासून निशांत रोज दाढी करू लागला होता.

राहवेना, म्हणून त्यांनी झाकण उचललंच. पातेल्यात ना वाफ ना बुडबुडा. दाणा चावून पाहिला तर चक्क कच्चा! तुकोगंजातल्या दवाखान्यात तीस वर्षं केसपेपर लिहिले तरी कुरडयांचा चीक शिजवायला गल्ली त्यांनाच बोलवायची. चीक कच्चा राहिला की सगळी मेहनत मातीत. या पोरांना काय कळतं! त्यांनी गोधडी सोडून पातेलं शेगडीवर चढवलं, शेजारच्या शेगडीवरचं आधण त्यात ओतलं, गॅस मोठा केला आणि एक दणदणीत वाफ आणली. फार बरं वाटलं त्यांना.

निशांतनं आल्या आल्या थर्मामीटर बुडवला. मग बशीत चमचाभर पाणी काढून आयोडीनचा थेंब टाकला. काळानिळा डाग पडला, म्हणजे पिठाची साखर झालीच नव्हती.

"कच्चं होतं रे, म्हणून जरा शिजवलं."

"सदुसष्ट डिग्रीच्या वर न्यायचंच नव्हतं, आई. ज्याच्यानं शक्कर बनते ना, तेच मरून गेलं. आता ही नुसती लापशी आहे."

"दुसरं मागवू ना!"

"दहा दिवस यायला, तीन हफ्ते बियर बनायला. मनीष कुठे थांबतोय? छोड़ ना, आई."

तो ओरडला असता तर त्यांना रडता तरी आलं असतं. त्यानं पातेलं उचललं आणि जिना उतरला. त्या मागोमाग खालच्या दारापर्यंत गेल्या.

कचरागाडी आली होती. गाडीवाला हसला, "इतना दलिया? शादी थी क्या, भिया?"

"नहीं भिया," ओल्या कचऱ्याच्या खणात पातेलं उपडं करत निशांत म्हणाला, "मेरे हाथ से बिगड़ गया."

शैलजाताईंनी बोलायला तोंड उघडलं, तोवर गाडी पुढच्या दाराशी गेली होती.