टाकीतला वास

धाकट्या नणंदेला जुळं झालं, त्याच वर्षी मळ्यातली गॅसची टाकी पहिल्यांदा साफ करायला काढली. टाकी सासऱ्यांनी हौसेने बांधून घेतली होती. बारा गाईंचं शेण तिच्यात जायचं. वर निघणाऱ्या गॅसवर घरची चूल पेटायची, खाली उरलेला शेणाचा पातळ काला मक्याला आणि घेवड्याला जायचा, आणि मक्याचा कडबा पुन्हा गाईंच्या पुढ्यात. "उद्या बाहेरून खताचं एक पोतं आलं नाही, तरी आपलं ताट रिकामं राहायचं नाही," असं सासरे येईल त्याला ऐकवायचे.

मळ्यावर सगळं नाकाने चालायचं. खत मुरलं का, खड्ड्यात दाबलेल्या चाऱ्याचा मुरघास बिघडला का, गाय आजारी आहे का, हे वास घेऊनच ठरे. त्यात थोरल्या सुनेचं नाक सगळ्यांत तिखट. सासरेही तिलाच विचारत.

तळाशी गाळ धरल्याने गॅस मंद झाला होता. दोन दिवस काला उपसून झाकण उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून थोरली काठावर बसून दोरीला बांधलेल्या बादलीने उरलासुरला काला काढत होती. आधी सडक्या अंड्यांसारखा वास भसकन नाकात शिरत होता. मग तो कमी झाला, आणि नंतर नाहीसाच झाला. डोकं तेवढं ठणकत होतं. तिला वाटलं, उन्हाने असेल.

धाकटा दीर फावडं घेऊन आला. "काय वहिनी, अत्तराच्या दुकानात बसल्यासारख्या निवांत बसलात. वास येतोय का?"

"काही नाही भावोजी. गेला सगळा."

"तुमच्या नाकाने सांगितलं म्हणजे शिक्का बसला."

"कमरेला दोर तरी बांधा."

"दोर बैलाला बांधतात. मी काय पळून चाललोय?"

टाकी दोन पुरुष खोल. तो शिडीने उतरला. शेवटच्या पायरीवर काहीतरी विसरल्यासारखा थांबला, गुडघ्यांत वाकला आणि गाळात पालथा पडला. ना हाक, ना कण्हणं.

"भावोजी, पुरे झाली थट्टा," ती म्हणाली. तो हलला नाही. आता तिला कळलं. वास गेला नव्हता, तिचं नाक मेलं होतं.

तिची किंकाळी ऐकून नवरा गोठ्यातून धावत आला. त्याने एकदा खाली पाहिलं आणि शिडीवर पाय टाकला. तिने त्याच्या कमरेला मिठी घातली.

"खाली उतराल तर तुम्हीही पडाल."

"सोड. भाऊ आहे माझा."

"माझाही आहे. नाही सोडणार."

त्याने कोपर मारलं. तिचा ओठ फुटला. मिठी सुटली तशी तिने त्याचा पाय धरला आणि दुसरा हात शिडीच्या दांड्यात अडकवला. आता तिला टाकीपेक्षा त्या पायाची भीती वाटत होती. तो हातातून निसटला, की घरातली दोन माणसं एकाच भोकात. ती सासऱ्यांना हाका मारत राहिली.

सासरे आणि शेजारचा गवंडी उफणणीचा पंखा ओढत आले आणि तोंड टाकीकडे करून तो चालू केला. पाव तास नुसता पंखा घरघरत होता आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग कमरेला दोर बांधून गवंडी उतरला आणि दिराला वर घेऊन आला.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर थोरली सासऱ्यांपुढे उभी राहिली. "मामंजी, वास गेलाय असं मीच म्हणाले त्यांना."

"मला विचारलं असतं, तर मीही वासच घेतला असता," सासरे म्हणाले.

नवऱ्याने मात्र कित्येक महिने तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. टाकी बंद झाली नाही. बंद करून खायचं काय? दर तीन वर्षांनी ती साफ होई. माणूस उतरण्याआधी दिवसभर पंखा चाले. तरी उतरणाऱ्याचा दोर थोरली स्वतः धरी, आणि तो वर येईपर्यंत ती त्याला सारखी बोलतं ठेवी.

धाकटा दीर त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास टाकीतच वारला. वय सव्वीस वर्षं.