जिऱ्याच्या पुडीतला सामना

झुलाल शेटच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांची रद्दी येई. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. घरी पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, ही माझी खोड. त्यातूनच मला बेसबॉल कळला. कळला म्हणायलाही भीती वाटते. खेळ मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही.

चारचौघांत मला बोलता येत नाही. वर्गातही मी फळ्याकडे तोंड करून शिकवी. पण एकदा शेटने विचारलं, "मास्तर, जिऱ्याच्या कागदात हसण्यासारखं काय आहे?" मी सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी ऐकायला दुकानाच्या ओट्यावर चौघे बसले होते. मग ते रोजचंच झालं. थोडा बेसबॉल, थोडे फरकांड्याचे झुलते मनोरे, थोडी अजिंठ्याची चित्रं. चेंडू टाकणाऱ्या उंच गड्याचं त्यांनी लांबू नाव ठेवलं.

त्या आठवड्यात मोठा सामना निघाला. सुरुवात हरभऱ्याच्या पुडीत, मधला भाग सोड्याच्या, शेवट जिऱ्याच्या. शेवटच्या डावात लांबूचा संघ एका धावेने पुढे होता. समोरच्यांचा आणखी एक गडी बाद झाला की खेळ खलास. पण त्यांचे दोघे खुंटांवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, उभे होते. दोघेही घरी, म्हणजे निघाल्या जागी परत, पोचले तर लांबू हरणार. बॅट फिरली, चेंडू उंच गेला, आणि कागद तिथेच फाटलेला. उरलेला तुकडा, शेट म्हणाला, सुंदरबाई नावाच्या गिऱ्हाइकाच्या गुळाला गेला होता.

मी पिंप्राळ्याला तिच्या घरी गेलो.

"तो चुल्हामा गया, मास्तर," ती म्हणाली. "तुम्हीच काहीतरी सांगी टाका. तठे कोन देखाले जास?"

तिथे बघायला कोण जातं, हे तिचं खरंच होतं; परतताना मी वाटभर शेवट रचत आलो. छान जमलाही. खरं सांगितलं, तर उद्यापासून ओट्यावर कोण बसणार? आणि मग माझ्याशी बोलणार कोण?

ओट्यावर चौघे वाट पाहत होते. त्यांतला अभिमन पुढे सरकला. "बोला, मास्तर! लांबू जिंकला ना?"

"ठाऊक नाही. कागद जळला."

"वा! जेवायला बसवलं अन् ताट उचललं!"

मी पहिल्यांदाच मान वर करून बोललो. "अजिंठ्याच्या भिंतीचा गिलावा जिथे गळलाय, तिथे कोणी नवं तोंड रंगवत नाही. मीही रंगवणार नाही."

मग अभिमनने आभाळाकडे पाहिलं. "म्हणजे चेंडू अजून वरच शे?"

"वरच."

"मग मी झेलतो," म्हणत त्याच्या शेजारचा सुकदेव उठला.

"तू? तुला म्हशीचं दावं धरवत नाही!" अभिमन म्हणाला.

"चल मैदानात, दाखवतो!"

शेटने बॅट म्हणून घरातून कपडे धुवायचं धोपाटणं आणलं. कोणीतरी चिंध्यांचा चेंडू बांधला. मैदानात विटांचे खुंट मांडले. मग अभिमन म्हणाला, "पण लांबू कोण?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी त्या सगळ्यांत बुटका.

मी टोपी काढून शेटच्या हातात दिली आणि चेंडू घेतला. पाय कुठे ठेवायचा, ते मी वाचलेलं होतं.