कुशीवर न झोपलेला कोळी

मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची एक जुनी काचपट्टी आहे आणि माझ्यात एक प्रेत आहे. घाबरू नका, मित्रांनो. ते खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान आहे. सुरुवातीला मीही घाबरले नव्हते.

पन्नास बहिणींच्या डबीत मी सदतिसावी. खिडकीत बसून रस्ता बघायचा, असं आम्हा सगळ्यांचं स्वप्न होतं. मी मात्र पिकांवरच्या किडी ओळखायच्या खोलीत आले, ताईंच्या हाती. ताई पानाखाली राहून रस पिणारे बारीक कोळी ओळखायच्या. एकेक कोळी मधासारख्या दाट द्रवात ठेवायचा, वर पातळ काच टेकवायची आणि चिठ्ठीवर जातीचं नाव लिहायचं. खात्री असेल तर शाईनं. शंका असेल तर पेन्सिलीनं, पुढे प्रश्नचिन्ह. खोलीत नियम तेवढा एकच. चपला कुठेही काढल्या तरी चालायच्या.

एके दिवशी ताईंचा धाकटा भाऊ डबाभर पानं घेऊन आला. त्याचं काकडी पिकवायचं काचघर होतं. पानांवर पिवळे टिपके पडले होते, खाली जाळी धरली होती.

"ताई, कुठला गं हा?"

"दोन जाती आहेत, जुळ्यांसारख्या. एक तुझ्या औषधानं मरते. दुसरी ते पिऊन ढेकर देते."

"मग बघून सांग की."

"माद्यांवरून कळत नाही. नर लागतो, तोही कुशीवर झोपलेला. पोटाच्या टोकाला हूक असतो त्याला. तो बाजूनं दिसला, की जात कळते."

"म्हणजे माझी सगळी काकडी एका नराच्या झोपण्यावर."

"हो."

दोन दिवस शोधून डब्यात एकच नर सापडला. ताईंनी सुईच्या टोकानं त्याला माझ्यावर कुशीवर निजवलं. वरची काच टेकणार, तोच भाऊ शिंकला. ताईंचा हात हलला, काच तिरकी बसली. नर उताणा झाला आणि आठही पाय पसरून तसाच राहिला.

"आता पुन्हा भिजवून वळवायला दोन दिवस लागतील," ताई म्हणाल्या.

"दोन दिवसांत पानं उरायची नाहीत. अंदाजानं सांग."

ताईंनी पेन्सिल उचलली.

"प्रश्नचिन्ह नको घालूस गं. दुकानात प्रश्नचिन्हावरचं औषध मिळत नाही."

ताई हसल्या. त्यांनी पेन्सिल ठेवली, शाईचं पेन घेतलं आणि औषधानं मरणाऱ्या जातीचं नाव लिहिलं.

तीन आठवड्यांत काचघर आतून पांढरं झालं. वेल जाळीत गुंडाळले गेले, पाहुणे नसलेल्या घरातल्या खुर्च्या झाकतात तसे. भाऊ एवढंच म्हणाला, "औषध जुनं असेल." मग तो घड्याळं दुरुस्त करू लागला. दर आठवड्याला चहाला यायचा आणि माझ्या कपाटाकडे पाठ करून बसायचा.

मी कपाटाच्या खणात होते, त्या कोळ्यासोबत. त्याला लाल डोळे आहेत, पापण्या नाहीत. वाळलेला द्रव अधूनमधून कट् करून तडकायचा. द्रवच असणार तो. पण लगेच ताई खण उघडायच्या, चिठ्ठी वाचायच्या, खण लावायच्या. अकरा वर्षं. कोळी माझ्यात होता, पण बसला होता ताईंच्या मानगुटीवर.

मग ताई निवृत्त व्हायला आल्या. त्यांच्या जागी आलेले साहेब म्हणाले, "ताईंची शाई म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आम्ही काहीच तपासणार नाही."

त्याच दुपारी ताईंनी मला कोमट पाण्यात ठेवलं. दोन दिवसांनी वरची काच सुटली. या वेळी नर कुशीवर झोपला. भाऊ ताईंच्या सामानाची खोकी न्यायला आला, तेव्हा ताई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या.

"ढेकरवाला आहे," त्या म्हणाल्या. "मी तुला चुकीचं नाव दिलं."

भाऊ बराच वेळ खोक्याची दोरी बांधत राहिला.

"शिंकलो मी, ताई. प्रश्नचिन्हही मीच घालू दिलं नाही. हे सांगायलाच येतोय अकरा वर्षं. चहा पितो आणि जातो."

"मला वाटायचं, तू मला बघायला येतोस. चूक केलेलं माणूस कसं दिसतं ते."

"तू कुठं दिसायचीस? मी कपबशीकडे बघत असायचो."

मग तो उठला, नाक रुमालानं घट्ट दाबलं आणि वाकून पाहिलं.

"एवढासा?" रुमालातून आवाज आला.

आता माझ्यावर दोन चिठ्ठ्या आहेत. नवी शाईची. जुनी ताईंनी काढली नाही, तिच्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घातलं. तो कुशीवर झोपलाय, पाय दुमडून. तरी अजून कधीतरी कट् असा आवाज होतो.

मित्रांनो, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घालत जा. त्याला चिठ्ठीवर फार जागा लागत नाही. न घातलेल्याला मात्र अख्खं घर लागतं.