साहेबाची हॅट की लाहूची?

सन दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारी महिन्यात, एका रविवारी सकाळी, पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, सायवन गावच्या एका पाड्यावर, जमनाआजीच्या ओटीवर माझ्या वयाचा निवाडा झाला. मित्रांनो, मी एक जुनी हॅट आहे. रंग तपकिरी, कड आखूड, भोवती काळी फीत. माझे वय मला पहिल्यापासून ठाऊक होते. परंतु ज्याला तोंड नाही, त्याची साक्ष कोण घेणार?

माझा जन्म मुंबईतील एका लहान कारखान्यात झाला. हॅट कापडासारखी बेतून शिवतात, असे पुष्कळांना वाटते. हा गैरसमज आहे. मेंढीची लोकर पिंजून, गरम पाण्यात मळून आणि दाबून तिचा जाड नमदा करतात. मग तो वाफेवर मऊ करून लाकडी साच्यावर ताणतात. मला शिवण आहे ती केवळ बाहेरच्या फितीला आणि आत कपाळाशी बसणाऱ्या कातडी पट्टीला. बाकी मी एकसंध आहे, आणि याचा मला सार्थ अभिमान आहे.

मला विकत घेणारा लाहू हा चिकूच्या वाडीत काम करणारा तरुण. तलासरीच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात त्याने नायकाच्या डोक्यावर हॅट पाहिली आणि ठरवले, की आपण लग्नात हीच घालायची. चिकूच्या करंड्या पोचवायला तो मुंबईस गेला, तेव्हा मला घेऊनच परतला. पाड्यावरची वडीलधारी मंडळी हसली. "डोक्यावर टोप पालथा घालून नवरा येतो काय रे?" एक म्हातारा म्हणाला. लाहू हटला नाही. अडचण एकच होती. फेट्यावर बाशिंग बांधता येते; हॅटवर ते बांधायचे कसे? तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीने, जमनाने, टाचण्या घेतल्या आणि बाशिंग माझ्या पुढच्या अंगाला पक्के टाचले. मला टोचले खरे. पण त्या दिवशी मी जितकी ताठ उभी राहिले, तितकी साच्यावरही राहिले नव्हते.

पुढे त्या घरातला प्रत्येक नवरदेव मला घालूनच मांडवात गेला. दूरच्या झाई आणि वरोर या गावांपर्यंत मला मागणी आली. "सायवनची हॅट आणा, त्याबिगर वरात निघायची नाय," असे पाहुणे सांगत. हा मान मी कमावलेला होता, कोणी दान दिलेला नव्हता. नंतर मोत्यांच्या झालरीचे भाड्याचे फेटे आले आणि मी माळ्यावर गेले. एका पावसाळ्यात कोंबडीने माझ्यात अंडी घातली. मी तिला दोष देत नाही. तिने निदान माझा उपयोग तरी ओळखला.

मग मनिषची नजर माझ्यावर पडली. मनिष लाहूचा नातू, तलासरीच्या कचेरीत कारकून. मोबाइलवर कोणा परदेशी गृहस्थाची जुनी हॅट पाहून त्याने मनाशी ठरवले, की मी इंग्रज साहेबाची आहे. वाघाच्या शिकारीत मदत केली म्हणून जंगलच्या साहेबाने म्हणे मला मनिषच्या पणजोबांना बक्षीस दिले. तलासरीत जुन्या वस्तूंचे दालन उघडणार होते. तिथे काचेच्या पेटीत मला ठेवायचे, असे तो कबूल करून आला. आणि नेमके त्याच आठवड्यात त्याचा चुलत भाऊ नविन याचे रूपीशी लग्न होते.

"लाहूदादानं मुंबैवरून आणली ती," जमनाआजी म्हणाली. "मी बघितली ना."

"आजी, तू तेव्हा एवढीशी होतीस. तुला काय कळणार?"

"बाशिंग टाचायचं कळलं, न् हॅट कुठून आली तेवढं नाय कळलं?"

"दादा, काचेचं लग्न ठरलंय का?" नविन म्हणाला. "माझं ठरलंय."

"तुला मोत्यांचा फेटा आणतो की भाड्यानं."

"म्हणजे रूपीच्या घरचे विचारणार, नवरदेव पण भाड्याचाच काय?"

मनिष चिडला. "अरे, पेटीखाली आपल्या घराचं नाव लागेल! तुला त्याचं काहीच नाही?"

त्याची तळमळ खोटी नव्हती. खोटा होता तो त्याचा पुरावा. अखेर दोघांनी मान्य केले, की निर्मलाताई सांगतील ते खरे. या बाई संग्रहालयांसाठी जुने पोशाख आणि टोप्या दुरुस्त करतात, आणि त्या दिवसांत डहाणूला माहेरी आल्या होत्या. साहेबाची निघाले तर काचेत, नाही तर नविनच्या डोक्यावर, असा करार झाला. माझे उरलेले आयुष्य त्यावर टांगलेले होते.

निर्मलाताईंनी मला दोन्ही हातांनी कडेला धरून उचलले. तेवढ्यावरूनच मी ओळखले, की बाई जाणकार आहेत. त्यांनी आतली कातडी पट्टी उलटली.

"माप सेंटिमीटरमध्ये आहे. इंग्रजी हॅटवर बहुधा इंचाच्या हिशेबातलं माप असतं. आणि आत माथ्याच्या अस्तराला हे प्लास्टिक आहे, केसांचं तेल लागू नये म्हणून."

"मॅडम, पट्टी आणि अस्तर नंतर बदललं असेल," मनिष म्हणाला. मुद्दा वाजवी होता, हे मला मान्य करावे लागेल.

"चांगली शंका काढलीत. हे बघा. पट्टी बदलली असती तर जुन्या टाक्यांची भोकं शेजारी दिसली असती. इथे भोकांची एकच ओळ आहे. अस्तरही पट्टीबरोबर त्याच टाक्यात धरलंय. दोन्ही मूळचंच."

"आणि पुढची भोकं? तिथे साहेबाचा बिल्ला होता!"

"बिल्ल्याची भोकं दोन-चार असतात. इथे चाळणी झालीय. काहींभोवती गंजाचे डाग, काही स्वच्छ."

"त्या माझ्या टाचण्या," जमनाआजी म्हणाली. "प्रत्येक नवऱ्याच्या वेळच्या."

 निर्मलाताई मला उजेडाकडे फिरवून कड न्याहाळू लागल्या. तेवढ्या वेळात, मित्रांनो, माझे सांगणे ऐका. जुनी हॅट माथ्याला चिमटून उचलू नका. तिथे ती प्रथम फाटते. ठेवताना उलटी ठेवा, चुलीजवळ आणि उन्हात ठेवू नका, धूळ मऊ ब्रशाने एकाच दिशेने काढा. आणि थोरपणा द्यायचा म्हणून तिला खोटे कूळ चिकटवू नका. काचेत जाणे वाईट, असे माझे म्हणणे नाही. परंतु जिने घरातले नवरदेव मांडवात नेले, तिला वाघाच्या शिकारीची उसनी कीर्ती कशाला?

निर्मलाताईंनी मला आजीच्या मांडीवर उलटी ठेवली आणि मनिषकडे पाहिले.

"इतकी आखूड कड आणि वर निमुळता होणारा माथा साठच्या दशकातला. तोवर इंग्रज जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही साहेबाची नाही. नवरदेवाला द्या."